भट्टीशेजारच्या रेघा

२ मार्च

खडू,

पाकीट बघून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत. तुझा बाप तर नको इतका जिवंत आहे, सकाळपासून रेडिओशी भांडतोय.

फोन का केला नाही, तर माझा मोबाइल पिठाच्या परातीत पडल्यापासून फक्त मोठ्याने बोलतो. परवा तुझ्या आईने माझ्या गुडघ्याची चौकशी केली, तर बेकरीत पॅकिंगच्या टेबलावरच्या चौघींनी एकदम उत्तर दिलं. आणि जे सांगायचंय ते गुडघ्याबद्दल नाही.

मला वाफा येतात. पाळी जाऊन वर्ष झालं, आता हे सुरू. उभ्या उभ्या छातीतून काहीतरी पेटतं आणि कानापर्यंत चढतं. वाटतं, कोणीतरी मलाच ट्रेमध्ये घालून आत सरकवलंय आणि काढायला विसरलंय. दोन मिनिटांनी उतरतं, मग घाम, मग थंडी. आणि मी कामाला कुठे? भट्टीपुढे. देवाला विनोद कळतो, पण कुठे थांबायचं ते कळत नाही.

आता खरी भानगड ऐक. मागच्या आठवड्यात मी अशी निथळत असताना मालक आले. म्हणाले, "काय हो, काय झालं?" सव्वीस वर्षांत आमचं जे बोलणं झालं ते पिठाबद्दल आणि यीस्टबद्दल. त्यांना काय सांगू? तोंडातून निघून गेलं, "भट्टी भडकते हो मधूनमधून."

झालं. मालक काळजी करणारे. त्यांनी मिस्त्रीला निरोप धाडला आणि टेबलाच्या खणातून विजेच्या भट्टीचं माहितीपत्रक काढलं. गुळगुळीत कागद, बटणांचे फोटो. तिला माणूस लागत नाही म्हणे. माणसाला मग पॅकिंगच्या टेबलावर बसवतात. म्हणजे मी पाव भाजायचे नाहीत, पिशव्यांना गाठी मारायच्या. खडू, माझ्याआधी या भट्टीपुढे एकही बाई उभी राहिलेली नाही. मी गाठी मारणार नाही.

तेव्हा वाफा बंद व्हायला हव्यात, म्हणजे भट्टी सुधारली असं मला सांगता येईल. काहीतरी झाडपाल्याचं पाठव. हार्मोनची गोळी नको, टेबलावरची थोरली म्हणते त्याने मिशा फुटतात. डॉक्टरकडे जा म्हणू नकोस. घरात शिकलेली पोर असताना परक्या माणसापुढे जीभ कशाला दाखवू? औषधाच्या खोक्यातला कागद तूच लिहितेस ना?

तुझी आत्या


८ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं, त्यातलं एकदा मोठ्याने, आणि तेव्हा नेमकी घरमालकीण दारात उभी होती.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मी तो कागद लिहीत नाही. मी तो तपासते. डॉक्टर लिहितात, छापखाना छापतो, आणि मधे बसून मी चुका शोधते. गेल्या महिन्यात मी "दिवसातून तीस वेळा" खोडून "तीन वेळा" केलं, ही माझी आजवरची सगळ्यांत मोठी वैद्यकीय कामगिरी आहे.

तरीही तू विचारलंस म्हणून तीन दिवस वाचनालयात बसले. मिशांबद्दल कुठेही काही सापडलं नाही, तेव्हा थोरलीचं ऐकू नकोस. हार्मोनचे उपचार या वाफांवर सगळ्यांत जास्त उपयोगी पडतात असं लिहिलं आहे. ते काहींना चालतात, काहींना चालत नाहीत, आणि कोणाला चालतात ते डॉक्टर तपासून ठरवतात. वनस्पतींमध्ये सोयाबीन आहे, जवस आहे. लाल क्लोव्हर नावाचा एक गुरांचा चारा आहे (रागावू नकोस, मी पाठवत नाही). ब्लॅक कोहोश नावाचं एक मूळ आहे. त्याने क्वचित कोणाच्या यकृताला त्रास झाल्याचं वाचलं, तेही पाठवत नाही. सोयाबीनमध्ये शरीरातल्या हार्मोनसारखं दिसणारं काहीतरी असतं. कोणाला त्याने थोडं बरं वाटतं, कोणाला वाटत नाही.

मग तुला खरंच फरक पडतो की नुसतं वाटतं, हे कसं कळणार? म्हणून सोबत दोन बरण्या आहेत, "अ" आणि "ब". दिसायला सारख्याच. एकीत औषधी पूड आहे, दुसरीत साधंच काहीतरी. कोणत्या बरणीत काय, ते मी सांगणार नाही. तीन आठवडे "अ", मग तीन आठवडे "ब", रोज सकाळी दोन चमचे दुधातून. खरं तर याहून जास्त दिवस हवेत, पण तुझे मालक तेवढे थांबायचे नाहीत.

सोबत वही आहे. प्रत्येक वाफेची नोंद त्याच क्षणी कर, एक वाफ एक रेघ. नंतर आठवून लिहायचं नाही. आठवताना माणूस स्वतःच्या सोयीचं आठवतो.

सूचना : थायरॉइडची किंवा दुसरी कुठली गोळी चालू असल्यास, सोयाबीन सोसत नसल्यास किंवा बंद झालेली पाळी पुन्हा दिसल्यास यातलं काहीही घेऊ नये आणि त्वरित डॉक्टरांना भेटावे. बरण्या लहान मुलांपासून आणि बाबांपासून दूर ठेवाव्यात.

आणि आत्या, भट्टीवर आळ घेणं बरं नाही. ती बिचारी बोलू शकत नाही. मालकांना खरं सांग.

तुझी,
खडू


२५ मार्च

खडू,

बरण्या पोचल्या. टोपण उघडलं आणि कळलं.

"अ" म्हणजे सोयाबीनचं पीठ. "ब" म्हणजे मैदा, हळद घालून पिवळा केलेला. सव्वीस वर्षं माझे हात पिठात आहेत, तू मला मैद्याने फसवणार? आणि तो तरी कसला मैदा! जुना, दमट हवेत राहिलेला, आणि तू तो भाजलास तो एका बाजूने. भाजलास ते बरं केलंस म्हणा, कच्चा खायचा नसतो. पण मैदा आणताना मला विचारलं असतंस तर दुकान सांगितलं असतं.

असो. तू सांगितलंस "अ" मग "ब", तर "अ" मग "ब". मैदा आहे हे माहीत असूनही खाणार. शिकलेल्या पोरीने लेखी दिलंय.

थोरलीने बरणी बघितली. तिलाही वाफा येतात, तिने इतके दिवस सांगितलं नव्हतं, पंख्याखालची खुर्ची का सोडत नाही ते आता कळलं. मग चौघींनाही एकेक चमचा दिला. तिसऱ्या दिवशी चौघीही म्हणाल्या, एकदम हलकं वाटतंय. त्यातली धाकटी सव्वीस वर्षांची आहे, तिला काय हलकं झालं कोण जाणे.

तुझी वही मात्र भट्टीपाशी चालत नाही. हाताला पीठ, वहीला पीठ, पेन्सिल सापडत नाही. म्हणून मी कोळशाने भिंतीवर रेघ मारते. भट्टीच्या उजव्या अंगाला, नजरेसमोर. वाफ आली की रेघ. आठवडा संपला की आडवा फराटा. अगदी त्याच क्षणी, तू म्हणालीस तसं. एकदा तर एका हातात लांब फळी, फळीवर बारा पाव, आणि दुसऱ्या हाताने रेघ. पहिल्या आठवड्यात एकतीस झाल्या.

आणि इथेच घोळ झाला.

मालकांनी रेघा पाहिल्या. मोजल्या. म्हणाले, "बाई, भट्टी आठवड्यात एकतीस वेळा भडकली आणि तुम्ही प्रत्येक वेळेची नोंद ठेवलीत? याला म्हणतात इमान!" मी लोण्याच्या फ्रीजमध्ये डोकं घातलं. तसं हल्ली मी दिवसातून चारदा घालते. मालकांना वाटतं मी लोण्याचा वास तपासते, त्याचंही कौतुक झालं.

मिस्त्री येऊन गेला. उष्णतेचा काटा तपासला, दार तपासलं, आत डोकं घालून "ओ" म्हणून ओरडला. म्हणाला, काही दोष नाही. मग भिंतीकडे बघून म्हणाला, "पण एवढ्या रेघा खोट्या कशा असतील?" मालक म्हणतात, सापडतो तो बिघाड बरा, न सापडणारा वाईट. आता वीस एप्रिलपर्यंत भट्टी विझवून झाडायची आहे, आणि वीसलाच विजेच्या भट्टीचा सेल्समन मापं घ्यायला येणार.

मी रेघा पुसू का? लगेच कळव.

तुझी आत्या


३० मार्च

प्रिय आत्या,

पुसू नकोस!

माझ्या हातून हे काय झालं? मी तुला औषध पाठवायला गेले आणि भट्टीविरुद्ध पुरावा तयार करून दिला. पण रेघा खऱ्या आहेत. खरी नोंद पुसणं हे खोटी नोंद करण्याइतकंच वाईट. त्या कशाच्या आहेत एवढंच चुकीचं सांगितलं गेलं आहे, आणि ते सुधारणं तुझ्या हातात आहे.

मैद्याबद्दल क्षमा कर. मी वाचलेल्या एकाही अभ्यासात बेकरीतली बाई नव्हती.

इकडे मी आमच्या विभागप्रमुख बाईंना विचारलं. म्हटलं, "माझ्या एका नातेवाईक बाईंना वाफांचा त्रास आहे, तुम्हाला काही अनुभव?" त्या माझ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की मी सहा महिन्यांच्या उमेदवारीतले उरलेले दिवस मोजले. मग म्हणाल्या, "मी टेबलावर छोटा पंखा ठेवलाय, म्हणून हे विचारतेस?" आत्या, मी शपथेवर सांगते, तो पंखा मी तोपर्यंत पाहिलाही नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कपाटामागे ठेवला, तिसऱ्या दिवशी परत टेबलावर आणला, आणि काल मला बोलावून त्या दार लावून पाऊण तास बोलल्या. आता मला त्यांच्या झोपेबद्दल जेवढं माहीत आहे तेवढं स्वतःच्या झोपेबद्दलही नाही.

पण मला वेगळंच काही सांगायचं आहे. ते लिहायला दोन दिवस लागले, आणि तीन कागद फाडले.

मी आणखी वाचलं. वाचावं तेवढं कमी कळतं. एक जण म्हणतो सोयाबीनचा थोडा उपयोग होतो, दुसरा म्हणतो साध्या पिठाइतकाच. वाफा आपल्या आपणही कमी होतात, आणि नुसतं कोणी लक्ष दिलं तरीही कमी होतात असं दिसतं. तुला सोयाबीनने बरं वाटेल का? मला माहीत नाही. हे तुझं नेमकं तेच आहे की आणखी काही? मला माहीत नाही.

घरात मी पहिली शिकले. बाबा पावतीसुद्धा मला वाचायला देतात. आईने माझ्या सांगण्यावरून डाव्या कुशीवर झोपायला सुरुवात केली, आणि मी ते सहज बोलले होते. मला भीती वाटते, आत्या. मी "नाही" म्हटलं की सगळ्यांना वाटेल, मग हिला शिकवली कशाला? पण मी "हो" म्हणून तुझं काही बिघडलं तर मी कुठे तोंड लपवू? तुमच्याकडे लोण्याचा फ्रीज तरी आहे.

डॉक्टरकडे जा. माझ्यासाठी जा.

तुझी,
खडू


१५ एप्रिल

प्रिय आत्या,

सोळा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. मी शेवटच्या पत्रात काही लागेल असं लिहिलं का? त्याची प्रत माझ्याकडे आहे, ती मी पुन्हा तपासली. "तोंड लपवू" नंतरचं वाक्य कदाचित अनावश्यक होतं.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "ती ठीक आहे, रोज मैदा खाते." एवढंच.

वीस तारीख जवळ आली.

खडू


२२ एप्रिल

खडू,

उत्तर दिलं नाही कारण तुझं पत्र वाचून मला काय करायचं ते ठरवायचं होतं, आणि ठरवायला मला पीठ मळावं लागतं. या पंधरवड्यात फार पाव झाले.

मी ठरवलं होतं, मालकांना एकोणीसला सांगायचं. एकोणीसला ते म्हणाले, "बाई, तुमच्यामुळे वेळीच कळलं हो, नाहीतर एखाद्या दिवशी भट्टीने छप्पर उडवलं असतं." आता अशा माणसाला काय सांगणार? म्हटलं, उद्या.

उद्या म्हणजे वीस. भट्टी दोन दिवस विझवलेली. मी आत शिरून झाडून काढली होती, राख भरून बाहेर ठेवली होती. मालक, मिस्त्री आणि तो सेल्समन, तिघं भट्टीपुढे उभे. चौघी टेबलाशी. सेल्समनने बुटाला राख लागेल म्हणून पाय उचलून धरला होता, करकोच्यासारखा. मालक त्याला रेघा दाखवत होते. "हा पहिला आठवडा. हा दुसरा. हा बघा, इथे तर एका दिवसात सात!" सेल्समन म्हणाला, "अरे बापरे, ही तर धोकादायक केस आहे."

धोकादायक केस! माझ्याबद्दल!

आणि तेवढ्यात आली. छातीतून पेटली, मानेवर चढली, कानात गेली. आणि खडू, तू लिहिलं होतंस ना, त्याच क्षणी म्हणून? पाच आठवड्यांची सवय. माझा हात आपोआप कोळशाकडे गेला आणि मी तिघांच्या मधून हात घालून भिंतीवर एक रेघ मारली.

सेल्समनचा उचललेला पाय खाली टेकला.

मिस्त्रीने हळूच पुढे होऊन भट्टीला हात लावला. मग दुसरा हात लावला. मग गाल लावला. म्हणाला, "बाई, ही तर थंडगार आहे."

मालक भट्टीकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत. मी लालबुंद, कपाळावरून धार. म्हटलं, आता पुढे बोल बाई. बोलले. "भट्टीला काही झालेलं नाही. सव्वीस वर्षांत झालेलं नाही. मी तापते. माझी पाळी गेली, आणि या रेघा माझ्या आहेत. मी भट्टीवर आळ घेतला. चुकलं."

मालकांचा चेहरा माझ्याहून लाल झाला. त्यांनी हातातलं माहितीपत्रक उघडलं आणि त्याने मला वारा घालायला लागले. काय करतोय ते त्यांनाही कळत नव्हतं बहुतेक. गुळगुळीत कागद वाऱ्याला चांगला असतो, हे आता मला माहीत आहे.

सेल्समन म्हणाला, "म्हणजे बिघाड नक्की कशात आहे?"

मिस्त्री म्हणाला, "अहो, घरी जा. असंच एक मॉडेल आमच्याही घरी आहे. काटा बरोबर, दार बरोबर, तरी तापतं. मी सहा महिने पंखे दुरुस्त करतोय."

टेबलावर थोरली इतकी हसली की तिच्या हातातून गाठी सुटल्या. मग तिनेही उठून कोळसा घेतला आणि माझ्या रेघांखाली आपली एक रेघ मारली. म्हणाली, "मालक, ही माझी. आत्ताची." धाकटीही उठत होती, तिला खाली बसवलं.

मालक वारा घालायचे थांबले. मला वाटलं, गेली भट्टी, आता गाठी. मग ते माहितीपत्रक मिटून एवढंच म्हणाले, "ती मागची खिडकी किती वर्षं बंद आहे?" नऊ वर्षं, कारण वाऱ्याने पीठ सुकतं असं मीच म्हणाले होते. मिस्त्रीने खिळे काढले. पिठाचं टेबल आम्ही दोन हात अलीकडे सरकवलं. सेल्समन गेला, माहितीपत्रक मात्र मालकांनी परत दिलं नाही. ते आता भट्टीशेजारी खिळ्याला टांगलंय.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लिहिलंस "मला माहीत नाही", आणि वर घाबरलीस. वेडी. आपल्या घरात आजवर कोणालाच काही माहीत नव्हतं, पण तसं लेखी कोणी दिलं नव्हतं. माझ्या आजीने बरं होतं म्हणून रॉकेल प्यायला दिलं होतं मला, छातीठोकपणे. तूच लहानपणी माझ्या पिठाच्या फळीवर बोटाने अक्षरं काढून मला लिहायला शिकवलंस, आणि "ळ" आला नाही की "थांब, विचारून येते" म्हणून शाळेकडे पळायचीस. मी तेव्हाच म्हटलं होतं, ही पोर शिकणार.

डॉक्टरणीकडे सोमवारी जाते. तिला दाखवायला रेघा कागदावर उतरवून घेते. भिंत नेता येत नाही.

तुझी आत्या


२८ एप्रिल

प्रिय आत्या,

मी तुझं पत्र वाचून कचेरीत हसले, आणि विभागप्रमुख बाईंनी कारण विचारलं, आणि मी ते त्यांना वाचून दाखवलं. तुझी परवानगी घ्यायला हवी होती. आता घेते. त्यांनी मिस्त्रीचं वाक्य लिहून घेतलं आहे.

डॉक्टर काय म्हणाल्या ते सगळं लिही, वगळू नकोस. आणि "ब" बरणी संपली असेल तर आठवड्यांप्रमाणे रेघा कळव. आता त्याने काही सिद्ध होत नाही. तुला पीठ ओळखता आलं, खिडकी उघडली, मालकांना कळलं, सगळंच एकदम बदललं. तरी पण मला जाणून घ्यायचं आहे.

मालकांना माझा नमस्कार सांग. भट्टीलाही.

खडू


६ मे

खडू,

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. कागद उलगडला तर त्यांनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "वीस वर्षांत कोणी असं मोजून आणलं नाही. बाकीच्या म्हणतात, फार होतं हो. फार म्हणजे किती, ते कोणी सांगत नाही. तुम्हाला हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, भाचीने. म्हणाल्या, "डॉक्टर आहे?" मी म्हटलं, "नाही, ती चुका शोधते." त्या म्हणाल्या, मग आमच्यापेक्षा बरी.

रक्तदाब घेतला, रक्त काढलं, माझं सगळं विचारलं, माझ्या आईचंही विचारलं. म्हणाल्या, सोयाबीन जेवणात खात असाल तर खा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. रक्ताचे कागद आले की हार्मोनचं बोलू, तुम्हाला चालेलसं दिसतंय, पण बघून. मिशांचं विचारलं. हसल्या. तू काय ते तपासून ठेव, मी पुढच्या सोमवारी परत जाते. रोज गोळी द्यायची ठरली तर खोक्यातला कागद तुला धाडते, चुका काढ.

बाप तुझा म्हणतो, हिला एवढं विचारायला डॉक्टर लागला, मी फुकट सांगितलं असतं. काय सांगितलं असतंस म्हटलं, तर रेडिओचा आवाज वाढवला. मग म्हणाला, खडूला विचारून सांगितलं असतं.

रेघा. "अ"चे तीन आठवडे, एकतीस, अठ्ठावीस, तीस. "ब"चे, सव्वीस, एकवीस, आणि सगळं सांगून टाकल्यानंतरचा शेवटचा, चौदा. मी भिंत पुन्हा मोजली, थोरलीची वगळून. मालक रंग मारणार होते, मी म्हटलं, हात लावायचा नाही, ही नोंद आहे. आता वाफ आली की मी रेघ मारते, आणि मालक काही न बोलता उठून खिडकी आणखी थोडी उघडतात. त्यांना वाटतं मला दिसत नाही.

म्हणजे तुझ्या त्या रद्दी मैद्याने मला तुझ्या सोयाबीनपेक्षा बरं वाटलं. यावर तू आता चार दिवस झोपणार नाहीस, मला माहीत आहे. झोप. बरणी धुवून सोबत परत पाठवते आहे, आणि तिच्यात चांगला मैदा भरलाय, ताजा, दोनदा चाळलेला. यापुढे मला फसवायचं असेल तर हा वापर. आणि भाजताना सारखी हलवत राहा, एका जागी ठेवू नकोस.

तुझी आत्या